पगाराचं खातं बदललं आणि हप्ता बाऊन्स झाला

ताई, नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी नोकरी बदलली. नव्या कंपनीच्या एचआरने सांगितलं पगाराचं खातं आमच्या बँकेतच लागेल, म्हणून तिथे उघडलं आणि जुन्या खात्यातले सगळे पैसे तिकडे वळवले. जुन्यात ३१२ रुपये राहिले. होम लोन एका फायनान्स कंपनीचं आहे, त्यांच्या ॲपवर प्रोफाईलमध्ये नवीन खातं नंबरही टाकला, ॲपने 'अपडेट झालं' दाखवलं. तरी ५ तारखेला १८,४०० चा हप्ता जुन्याच खात्यावर गेला आणि बाऊन्स झाला. मग ७ आणि १० तारखेच्या दोन एसआयपी पण फेल. जुन्या बँकेने चार्जेस कापून खातं शून्यावर आणलं आणि वर अजून बाकी दाखवतेय. लोनवाल्यांचे फोन चालू झालेत, एका मेसेजमध्ये तर कलम २५ खाली गुन्हा वगैरे लिहिलंय. नवरा म्हणतो जुनं खातं आजच बंद कर, कटकट संपेल. मैत्रीण म्हणते सिबिल गेलं तुझं. ताई, मी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, पैसे आहेत माझ्याकडे, नुसते दुसऱ्या खात्यात आहेत! आणि हो, गॅसची सबसिडी आता कुठे जाणार तेही सांगा.
— हप्तेवाली

हप्तेवाली, तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दोन ओळी कळवल्या होत्या की खातं बंद करू नकोस आणि हप्ता थेट भर, तेवढं केलं असशील असं धरून आता सविस्तर लिहिते. पत्रावरून माझ्या पुतणीच्या वयाची वाटलीस म्हणून तूच म्हणते, राग मानू नकोस.

मी बँकेतून रिटायर झालेली बाई आहे आणि त्यातली बरीच वर्षं क्लिअरिंगच्या टेबलावर गेली, म्हणजे लोकांचे चेक आणि हप्ते परत जाताना रोज बघण्यात. तेव्हा सांगते, तुझ्यासारखी 'पैसे आहेत पण दुसरीकडे आहेत' वाली माणसं खूप असतात, बाऊन्स म्हणजे कफल्लक असं काही नसतं. पण मशीनला ते कळत नाही. मशीन फक्त एवढंच बघतं की या नंबरच्या खात्यात आत्ता १८,४०० आहेत का. नाहीत? गेलं परत.

आता नवऱ्याचा सल्ला. बिचाऱ्याने चांगल्या हेतूनेच दिलाय पण अगदी उलटा आहे. खातं बंद केलंस म्हणून हप्त्याची मागणी यायची थांबत नाही, ती पुढच्या महिन्यात येणारच, फक्त 'पैसे अपुरे' ऐवजी 'खातं बंद' असा शेरा मारून परत जाईल आणि लोनवाल्यांच्या नजरेत हा दुसरा शेरा जास्त वाईट, पैसे कमी पडणं कोणाचंही होतं पण खातं बंद करून गेली म्हटल्यावर ते वेगळाच विचार करतात. शिवाय लोन घेताना सिक्युरिटी म्हणून जुन्या बँकेचे दोन-चार चेक सही करून दिले असशील ना, बहुतेकांनी दिलेले असतात आणि विसरलेले असतात. खातं बंद झाल्यामुळे परत आलेल्या चेकलासुद्धा चेक बाऊन्सचं कलम १३८ लागतं, सुप्रीम कोर्टाने हे १९९९ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे कटकट संपायच्या ऐवजी कोर्टाची पायरी.

दुसरं, घाईत लोक काय करतात, बाऊन्स झालेल्या हप्त्याची रक्कम जुन्या खात्यात टाकतात आणि वाट बघत बसतात की ते परत मागतील. तू म्हणतेस बँक अजून चार्जेस बाकी दाखवतेय. मग तू तिथे बरोबर १८,४०० टाकलेस तर बँक आधी आपले थकलेले चार्जेस उचलणार, खात्यात राहणार सतरा हजार नऊशे काहीतरी, आणि हप्ता परत आला की परत बाऊन्स आणि परत चार्ज. हे चक्र मी माणसांना चार-चार वेळा फिरताना पाहिलंय, वर एकेका बाऊन्सचे काही शे रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणून सांगितलं की हप्ता नव्या खात्यातून थेट लोन कंपनीच्या ॲपवर किंवा साईटवर भर. फक्त अजून भरला नसशील तर भरायच्या आधी त्यांना एक प्रश्न विचारायचा, की हा हप्ता तुम्ही पुन्हा बँकेकडे पाठवणार आहात का आणि कुठल्या तारखेला. कारण बऱ्याच कंपन्या त्याच महिन्यात एकदा-दोनदा परत पाठवतात, आणि तू इकडून भरलंस आणि तिकडून पण कापला गेला तर तुझेच ३६,८०० अडकतात. मिळतात परत, पण हेलपाटे. भरल्यावर पावती सेव्ह कर आणि त्यांना मेलवर लिही की हप्ता भरलेला आहे, पुन्हा प्रेझेंट करू नका.

बरं, हे झालं कसं? तू तर नंबर बदलला होतास. इथेच सगळ्यांची गल्लत होते. ॲपच्या प्रोफाईलमध्ये जे खातं असतं ते बहुतेक वेळा त्यांनी तुला पैसे द्यायचे असतील तर, म्हणजे रिफंड वगैरेसाठी. तुझ्याकडून पैसे घ्यायचा अधिकार त्यांना वेगळ्याच कागदाने मिळालेला असतो, त्याला मँडेट म्हणतात. लोन घेताना तू एका फॉर्मवर सही केलीस किंवा ओटीपी टाकलास, त्यात लिहिलं होतं की अमुक बँकेच्या तमुक खात्यातून दर महिन्याला इतक्यापर्यंत रक्कम घ्यायला माझी परवानगी आहे. तो कागद नॅच नावाच्या यंत्रणेतून गेला, ती एनपीसीआय चालवते, यूपीआय चालवणारेच लोक. तुझ्या जुन्या बँकेने तो मान्य केला आणि त्याला एक नंबर पडला, यूएमआरएन. दर महिन्याला त्या नंबरावर मागणी येते. तू नोकरी बदल, पत्ता बदल, ॲपमध्ये काहीही टाईप कर, त्या परवानगीवर अजून जुनंच खातं लिहिलेलं आहे.

मोबाईल नंबर पोर्ट करता येतो तसं खातं पण पोर्ट होईल असं लोकांना मनातून वाटतं, होत नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून तशी सोय आहे, नवीन बँकेला सांगायचं आणि ७ कामकाजाच्या दिवसांत सगळे येणारे-जाणारे पेमेंट तीच बँक हलवते, चुकून जुन्या खात्याकडे आलेलं पण नव्यात वळवते. आपल्याकडे बचत खात्याला असं काही नाही. इथे तू खातं बदलत नसतेस, दहा-पंधरा वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वर्षी दिलेल्या परवानग्या एकेक करून बदलत असतेस, आणि त्यांची एकत्र यादी कोणाकडेच तयार नसते.

मग आता लोनवाल्यांकडे काय मागायचं. 'खातं बदलायचंय' असं मोघम म्हणू नकोस, समोरचा परत प्रोफाईल बदलून देईल आणि म्हणेल झालं मॅडम. म्हण, मँडेट बदलायचंय, मँडेट स्वॅप. ऑनलाईन होत असेल तर तेच कर, नेटबँकिंगने, डेबिट कार्डाने किंवा आधारच्या ओटीपीने होतं, काही दिवसांत रजिस्टर होतं. कागदी फॉर्मला जास्त वेळ लागतो आणि तो सहीवरून परत यायचं प्रमाण भयंकर, आमच्या टेबलावर अर्धे रिजेक्ट तर 'सही जुळत नाही' वालेच वाटायचे मला. नवीन खातं उघडताना तू टॅबवर बोटाने काय सही केलीस आठवतंय का? तीच बँकेकडे आहे! नाव पण बघ, एकीकडे माहेरचं आणि एकीकडे सासरचं असं असेल तर आधी ते सरळ कर. फॉर्मवर कमाल रक्कम हप्त्यापेक्षा जास्त लिहिलेली दिसेल, त्याला घाबरू नकोस, व्याजदर वाढला तर हप्ता वाढतो म्हणून तशी वरची मर्यादा ठेवतात. मात्र दुप्पट-तिप्पटीच्या वर असेल तर विचार.

आणि दोन गोष्टी मेलवर लिहून घे. एक, नवीन मँडेटचा यूएमआरएन. दोन, कुठल्या महिन्याचा हप्ता नव्या खात्यातून जाणार. ही दुसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण हप्त्याच्या मागण्यांची फाईल ५ तारखेला सकाळी बसून बनवत नाहीत, काही दिवस आधीच तयार असते. तुझं मँडेट २ तारखेला मंजूर झालं तरी ५ चा हप्ता जुन्याच खात्यावर जाऊ शकतो. लोकांना मंजुरीचा मेसेज येतो, ते निर्धास्त होतात, जुनं खातं रिकामं करतात, आणि धाडकन.

म्हणून पहिले दोन-तीन महिने जुन्या खात्याचा पूल करून वापरायचा. नव्या खात्यात पगार आला की दुसऱ्या दिवशी आपोआप जुन्यात ट्रान्सफर होईल असं शेड्यूल लावून टाक, रक्कम किती तर हप्ता अधिक एसआयपी अधिक थकलेले चार्जेस अधिक मिनिमम बॅलन्स आणि वर हजार-पाचशे. नवीन बेनिफिशियरी, म्हणजे पैसे जिथे पाठवायचे ते खातं, जोडल्यावर पहिल्या दिवशी पाठवायच्या रकमेवर बँका मर्यादा ठेवतात, तेव्हा ४ तारखेला रात्री उठून हे करू नकोस, महिनाअखेरीलाच करून ठेव. आधी १ रुपया पाठवून बघ. स्वतःच्याच खात्यात पाठवताना पण नंबर चुकतात बरं का, आणि एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते नंबर बघून, नाव जुळवून नाही. २०२५ पासून पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय आलीय, ती नक्की वापर.

जुनं खातं पगाराचं होतं म्हणून त्याला मिनिमम बॅलन्स नव्हता. काही महिने पगार आला नाही की बँक ते साधं बचत खातं करते आणि मिनिमम बॅलन्सचा नियम लागतो, तुझ्याकडे कापलेल्या चार्जेसमध्ये हेही असू शकेल, स्टेटमेंट काढून ओळ न ओळ वाच. फक्त मिनिमम बॅलन्स ठेवला नाही म्हणून दंड लावत लावत खातं मायनसमध्ये नेता येत नाही, आरबीआयचा हा नियम २०१५ पासून आहे, पण बाऊन्सचे चार्जेस वेगळे. तेव्हा बाकी दाखवलेली रक्कम कशाची आहे हे शाखेला लेखी विचार. मिनिमम बॅलन्सची असेल तर तुझ्याकडे बोलायला जागा आहे.

आता ते फोन आणि कलम २५. मेसेज खोटा नाही, २००७ चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा आहे आणि त्याच्या २५ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक हप्ता पैसे नसल्यामुळे परत गेला तर तो चेक बाऊन्ससारखाच गुन्हा धरलाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. वाचून पोटात गोळा आला असणार. पण त्याची पण एक रीत आहे, मेसेज पाठवला आणि गुन्हा दाखल असं होत नाही. त्यांना बाऊन्सची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती तुला मिळाल्यावर १५ दिवसांत तू पैसे भरलेस तर पुढे केस उभी राहत नाही. तू तर नोटिशीच्या आधीच भरून मोकळी. हे मेसेज सरसकट सगळ्यांना जातात, घाबरून माणूस लवकर भरतो म्हणून. वसुलीच्या फोनलाही वेळ ठरलेली आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. आला तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि शांतपणे सांग की पैसे भरलेत, पावती मेल केलीय.

पण यातला एखादा फोन लोनवाल्यांचा नसेलही, हे लक्षात ठेव. हप्ता चुकलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला फसवणं सोपं. 'मँडेट अपडेट करून देतो, ही लिंक उघडा', 'चार्जेस परत करतो, हे ॲप टाका म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल' असं कोणी म्हणालं की फोन ठेवून दे, सरळ. नंबर शोधायचा तो लोनच्या कागदावरून, गूगलवर 'कस्टमर केअर' टाकून नाही. बँकांच्या साईट आता डॉट बँक डॉट इन ने संपतात, तेवढं शेपूट बघायची सवय लाव. आणि चुकून काही केलंसच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन कर, नवऱ्याला सांगायला लाज वाटते म्हणून दोन दिवस घालवू नकोस.

सिबिलचं. मैत्रिणीला सांग इतकं काही झालेलं नाही. रिपोर्टमध्ये दर महिन्यापुढे हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा पडतो. तुझा आठवड्याच्या आसपास पडेल किंवा पडणारही नाही. लोन 'बुडीत' म्हणजे एनपीए धरतात ते ९० दिवसांच्या वर गेल्यावर, आठवडा कुठे आणि ९० दिवस कुठे. मात्र २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, पूर्वी महिन्यातून एकदाच जायची आणि मधल्या दिवसांत भरलेलं कधीकधी झाकलं जायचं, आता तेवढी गंमत राहिली नाही. दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून बघ, सिबिलसारखी प्रत्येक क्रेडिट ब्युरो, म्हणजे कर्जाची नोंद ठेवणारी कंपनी, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देते, त्याचे पैसे मागणारी एखादी साईट असेल तर ती सोड. भरलेला हप्ता न भरलेला दाखवत असेल तर तक्रार टाक, ३० दिवसांत दुरुस्त केलं नाही तर त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई तुला मिळायला हवी असा आरबीआयचा नियम आहे.

चार्जेस परत मिळतील का? खरं सांगू, जुन्या बँकेची यात चूक नाही. मागणी आली, पैसे नव्हते, परत पाठवली. तुझी चूक अर्धी आणि त्या ॲपची अर्धी, ज्याने 'अपडेट झालं' म्हटलं पण काय अपडेट झालं ते म्हटलं नाही. म्हणून पत्र लोन कंपनीला लिही, भांडणाच्या सुरात नको, की मी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, अमुक तारखेला तुमच्या ॲपवर खातं बदललं, त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय, एक वेळचा बाऊन्स चार्ज आणि दंड माफ करावा. स्क्रीनशॉट नसेल तर ॲपकडून तेव्हा आलेला मेसेज किंवा मेल शोध. पहिली चूक असेल तर बरेच लोक माफ करतात, न मागणाऱ्याला मात्र कोणी करत नाही. आणि बघ, दंड लावलाच तर तो वेगळा चार्ज म्हणून दिसला पाहिजे, व्याजदर वाढवून किंवा दंडावर परत व्याज लावून नाही, आरबीआयने २०२३ च्या ऑगस्टमध्ये हे बंद केलंय. इथे काही वावगं दिसलं आणि लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, माहितीला १४४४८ नंबर आहे.

उलट एक बाजू बँकेची चूक ठरू शकते अशीही आहे. उद्या नवीन मँडेट चालू झालं, तू जुनं रद्द करायला बँकेला लेखी दिलंस, आणि तरी जुन्या खात्यातून हप्ता कापला गेला, तर ती जबाबदारी तुझ्या जुन्या बँकेची. दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे परत यायला हवेत, पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. म्हणून रद्द करायचा अर्ज तोंडी नाही, पोच घेऊन. आणि तो कधी द्यायचा तर नव्या खात्यातून पहिला हप्ता गेलेला डोळ्यांनी बघितल्यावर. आधी देऊ नकोस, नाहीतर ना इकडून ना तिकडून.

एसआयपीचं टेन्शन कमी घे. म्युच्युअल फंडवाले हप्ता फेल गेला म्हणून दंड लावत नाहीत, बँक लावते. महिन्याची एसआयपी सलग ३ वेळा फेल गेली की बंद होते, तुझी एकेकदाच गेलीय. नवीन खातं फंडात जोडायला तुझं नाव छापलेला कॅन्सल चेक लागतो आणि नवीन बँकांचं पहिलं चेकबुक कधीकधी बिननावाचं असतं, तसं असेल तर स्टेटमेंट किंवा पासबुकाचं पान चालतं का ते विचार. हे सगळं व्हायला वेळ लागणार असेल आणि पूल बांधायचा कंटाळा असेल तर दोन-तीन महिने एसआयपी पॉज कर, तारखेच्या निदान आठवडाभर आधी. बाऊन्सचे पैसे देण्यापेक्षा ते बरं.

आता खरी गोम. महिन्याचे हप्ते सापडतात, कारण ते ओरडतात. वर्षातून एकदा जाणारे गप्प असतात. माझंच सांगते, इतकी वर्षं दुसऱ्यांचे बाऊन्स मोजले आणि रिटायर झाल्यावर पेन्शनचं खातं सोयीचं म्हणून दुसऱ्या शाखेत हलवलं तर माझ्या मेडिक्लेमचा वर्षाचा प्रीमियम जुन्या खात्यावर होता हे साफ विसरले. मेसेज आला तो जुन्या मोबाईल नंबरवर. भाचा सहज म्हणाला आत्या पॉलिसीचं कार्ड दे, तेव्हा कळलं की मुदत संपून २२ दिवस झालेत. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते म्हणून वाचले, दर महिन्याला भरणारी असते तर १५ च दिवस मिळाले असते. त्या २२ दिवसांत काही दुखलं-खुपलं नाही हे नशीब.

तर जुन्या खात्याचं एका वर्षाचं स्टेटमेंट काढ, तीन महिन्यांचं मुळीच नको, पूर्ण एक वर्ष, आणि चहा घेऊन बस. आपोआप गेलेली प्रत्येक ओळ पेनाने रंगव. विमा, लॉकरचं भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, डीमॅटचा वार्षिक चार्ज, मुलांच्या क्लासची फी, आई-वडिलांच्या नावाचं काही. मग येणाऱ्या ओळी दुसऱ्या रंगाने. बरेचदा नेटबँकिंगमध्ये मँडेटची यादी दिसते पण तिच्यात सगळं नसतं, डेबिट कार्डावर लावलेली सबस्क्रिप्शनं वेगळी, यूपीआय ऑटोपे वेगळं. यूपीआय ॲपमध्ये नवीन खातं 'प्रायमरी' केलं म्हणजे ऑटोपे पण तिकडे गेलं असं नाही, ते लावताना जे खातं निवडलं होतंस तिथेच चिकटलेलं असतं, रद्द करून नव्याने लाव. टीव्ही-सिनेमाची सबस्क्रिप्शनं बंद पडली तर पडू देत, आपोआप कळेल कुठली खरंच बघतेस.

येणाऱ्या पैशांत तुझी गॅसची सबसिडी. ती बहुतेकांना खाते नंबरवर येत नाही, आधारवर येते. एनपीसीआयकडे एक नोंद असते की या आधारचे सरकारी पैसे कुठल्या बँकेत टाकायचे, आणि एका वेळी एकच बँक तिथे असते, शेवटी जी जोडली ती. नवीन खातं उघडताना फॉर्मवर 'सरकारी लाभ या खात्यात हवेत' अशी बारीक टिक असते, ती केली असशील तर सबसिडी आपोआप नवीन खात्यात जायला लागली असेल, नसशील तर जुन्यात. नुसतं केवायसीला आधार दिलं म्हणजे ही नोंद झाली असं नाही, इथे पण लोक फसतात. आधारच्या साईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघ, बँकेचं नाव दिसतं. दोन मिनिटांचं काम.

इन्कम टॅक्सच्या रिफंडसाठी पोर्टलवर नवीन खातं जोडून व्हॅलिडेट करावं लागतं, रिटर्न भरायच्या आधी कर. पीएफला पण खातं बदल, नाहीतर गरज पडेल तेव्हाच क्लेम अडकेल. शेअर्स असतील तर डिव्हिडंडचं खातं डीमॅटवाल्याकडे. एफडी जुन्या बँकेत असेल तर तिचं व्याज जुन्याच खात्यात पडत राहतं, मुदत संपेपर्यंत खातं ठेवणं सगळ्यात सोपं.

एचआरला एकदा विचार गं, पगार जुन्याच खात्यात टाकता येईल का. बऱ्याच कंपन्या 'आमचीच बँक' म्हणतात ते सोयीसाठी, खोदून विचारलं की चालतं म्हणतात. तसं झालं असतं तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं, पण असो.

जुनं खातं बंद कधी करायचं तर नवऱ्याला सांग, वर्ष तरी जाऊ दे. सगळे महिन्याचे हप्ते दोनदा नव्यातून गेले, वार्षिक एक-एक करून हलले, चेक परत मागवून घेतले, आणि मग स्टेटमेंट पीडीएफ करून ठेवून बंद कर, नंतर नेटबँकिंग गेलं की जुनी स्टेटमेंट मिळवायला शाखेत अर्ज करावा लागतो. ठेवायचंच ठरवलंस तर वर्षातून दोन-तीनदा स्वतः काहीतरी व्यवहार कर, दोन वर्षं काहीच केलं नाहीस तर ते निष्क्रिय होतं आणि परत चालू करायला केवायसीचे कागद घेऊन जावं लागतं.

आणि पुढची ५ तारीख कुठल्या वारी येते ते आत्ताच कॅलेंडरवर बघ. पूर्वी रविवारी-सुट्टीला हप्ता जात नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे भरून निभायचं. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच सातही दिवस चालतं. रविवार असो नाहीतर सण, पैसे ४ तारखेला संध्याकाळी जुन्या खात्यात बसलेले पाहिजेत, आणि नव्या मँडेटवरून पहिला हप्ता गेल्याचा मेसेज येईपर्यंत तिथून एक रुपया हलवू नकोस. गेला की मला कळव.